हालचालींचा मेळ न जमणाऱ्या मुलांसाठी फिजिओथेरपी: पालकांसाठी टप्प्याटप्प्याने मार्गदर्शन

काही मुले सपाट जमिनीवरही अडखळतात. शर्टाची बटणे लावायला त्यांना बरोबरीच्या मुलांपेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो, अंगावर चेंडू आला की ती तोंड फिरवतात, पेल्यात ओतलेले पाणी हमखास बाहेर सांडते आणि खेळाच्या तासाला काही ना काही कारण काढून ती कडेला उभी राहतात. बुद्धीत काही उणे नसते, डोळे-कान ठीक असतात, हातापायांत डोळ्यांना दिसेल असा दोष नसतो. त्यामुळे धांदरट, वेंधळा, आळशी असे शिक्के घरात आणि शाळेत फार लवकर बसतात. यांतल्या अनेक मुलांना विकासात्मक समन्वय विकार असतो. डेव्हलपमेंटल कोऑर्डिनेशन डिसऑर्डर, म्हणजेच डीसीडी, या नावाने तो वैद्यकीय जगात ओळखला जातो. शालेय वयाच्या मुलांपैकी साधारण ५ ते ६ टक्के मुलांमध्ये तो आढळतो, म्हणजे तीस-पस्तीस मुलांच्या वर्गात असे एखाद-दुसरे मूल असतेच. मुलींपेक्षा मुलग्यांमध्ये त्याचे निदान जास्त होते, आणि वेळेआधी किंवा फार कमी वजनाने जन्मलेल्या बाळांमध्ये त्याची शक्यता वाढते.

या मुलांच्या स्नायूंत बळ नसते, हा समज सर्वत्र आढळतो आणि उपचारांची दिशा बरेचदा तिथेच चुकते. आपण पेला उचलायला हात पुढे करतो तेव्हा पेला किती जड असेल आणि हात कधी पोहोचेल याचा अंदाज मेंदू आधीच बांधतो आणि हालचाल चालू असतानाच ती सुधारत जातो. डीसीडी असलेल्या मुलांमध्ये हा आगाऊ अंदाज कच्चा पडतो, असे आजवरच्या संशोधनातून वारंवार दिसून आले आहे. मग मूल चूक घडून गेल्यानंतर सावरू पाहते आणि प्रत्येक खेपेला थोडी वेगळी चूक करते. इतरांना पाहता पाहता अंगवळणी पडणारी गोष्ट त्याला जाणीवपूर्वक, तुकड्या-तुकड्याने शिकावी लागते. म्हणूनच फिजिओथेरपीची सुरुवात त्याला जी गोष्ट करायची आहे आणि जमत नाही तिच्यापासून व्हावी, आणि स्नायूंचा विचार तिच्या ओघात यावा. पुढचे सगळे टप्पे याच सूत्रावर बेतलेले आहेत.

पहिला टप्पा: तक्रार नोंदीत उतरवा

तज्ज्ञाकडे जाण्याआधी दोन आठवडे मुलाचे रोजचे व्यवहार शांतपणे पाहावेत आणि लिहून ठेवावेत. ‘त्याला काहीच नीट जमत नाही’ या वाक्याने तज्ज्ञाच्या हाती काही लागत नाही. ‘जिना चढताना एकाआड एक पाऊल टाकतो, पण उतरताना प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय आणतो आणि कठडा सोडत नाही’ हे वाक्य मात्र फार उपयोगी पडते. कपडे घालणे, बुटाची नाडी बांधणे, दप्तर भरणे, उडी मारणे, लंगडी घालणे, चेंडू फेकणे आणि झेलणे, सायकल, लिखाण, हाताने किंवा चमच्याने खाणे या प्रत्येक बाबतीत मूल काय करते, कुठे अडते, किती वेळ घेते आणि काय करायचे टाळते, हे टिपावे. टाळण्याची नोंद विशेष महत्त्वाची आहे, कारण हुशार मुले आपली अडचण झाकायला लवकर शिकतात: बटणांचा शर्ट नको म्हणतात, खेळात पंच व्हायला पुढे येतात, गोष्टी सांगून वेळ मारून नेतात.

शक्य असल्यास दोन-तीन कृतींचे छोटे व्हिडिओ घ्यावेत. मुलाला सांगून आणि त्याची संमती घेऊनच ते घ्यावेत. मूल कधी बसू लागले, कधी चालू लागले, जन्म कितव्या आठवड्यात झाला, जन्मवजन किती होते, हेही लिहून ठेवावे. या कृती शिकण्याची संधी मुलाला मिळाली होती का, याचा विचारही प्रामाणिकपणे करावा. ज्याने कधी सायकलला हातच लावलेला नाही, त्याला सायकल येत नाही यावरून काहीच ठरत नाही.

दुसरा टप्पा: आधी डॉक्टर, मग व्यायाम

हा टप्पा गाळू नये. डीएसएम-५ या मानसिक आणि विकासात्मक विकारांच्या २०१३ च्या वर्गीकरणाने निदानासाठी चार निकष घातले आहेत. मुलाची हालचालींची कौशल्ये वयाच्या आणि मिळालेल्या संधीच्या मानाने बरीच मागे असावीत, त्यामुळे त्याच्या रोजच्या जगण्यात, अभ्यासात किंवा खेळात खरोखर अडथळा यावा, ही लक्षणे लहानपणापासून असावीत, आणि बौद्धिक अक्षमता, दृष्टिदोष किंवा सेरेब्रल पाल्सी, स्नायूंचा ऱ्हास यांसारख्या आजाराने त्यांचा उलगडा होत नसावा. या चौथ्या निकषासाठी बालरोगतज्ज्ञांची आणि गरज पडल्यास बालमेंदूविकारतज्ज्ञांची तपासणी आवश्यक असते. फिजिओथेरपिस्ट कितीही अनुभवी असला तरी त्याच्या एकट्याच्या मतावर हे निदान पक्के करू नये.

काही खुणा दिसल्यास विलंब न लावता डॉक्टरांना दाखवावे. आधी येत असलेली कौशल्ये मूल गमावू लागले असेल. शरीराची एकच बाजू कमजोर किंवा ताठर वाटत असेल. जमिनीवरून उठताना ते गुडघ्या-मांड्यांवर हात टेकत टेकत स्वतःला वर ढकलत असेल. पोटऱ्या अवाजवी भरलेल्या दिसत असतील. सतत चवड्यांवर चालत असेल. सकाळची डोकेदुखी, उलट्या, झटके किंवा अलीकडेच अचानक सुरू झालेला तोलाचा बिघाड असेल, तर ही लक्षणे डीसीडीची समजून घरी थांबू नये. डोळ्यांची तपासणीही याच वेळी उरकून घ्यावी.

पाच वर्षांच्या आतील मुलांचा विकास इतक्या वेगवेगळ्या गतीने होतो की त्या वयात हे निदान सहसा केले जात नाही. त्यामुळे तीन-चार वर्षांच्या मुलाला मदतच करू नये असे मात्र नाही; निदानाचे नाव नसतानाही खेळातून सराव सुरू करता येतो. त्याचबरोबर अवधानाची आणि अतिचंचलतेची अडचण, म्हणजे एडीएचडी, भाषाविकासातील अडचण, वाचन-लेखनातील अडचण किंवा स्वमग्नता यांपैकी काही सोबत आहे का, हेही पाहून घ्यावे. डीसीडी असलेल्या मुलांमध्ये एडीएचडीचे प्रमाण फार मोठे आहे आणि ज्या मुलाचे लक्ष एका सूचनेवर टिकत नाही, त्याच्या सरावाची आखणीच वेगळी करावी लागते.

तिसरा टप्पा: मोजमाप आणि निरीक्षण

फिजिओथेरपिस्टकडील पहिल्या एक-दोन भेटी मोजमापात जातात. मूव्हमेंट असेसमेंट बॅटरी फॉर चिल्ड्रन या चाचणीची दुसरी आवृत्ती, म्हणजे एमएबीसी-२, यासाठी बरीच वापरली जाते. ती ३ ते १६ वर्षे वयोगटासाठी असून तिच्यात हातांची सफाई, नेम धरणे व झेलणे आणि तोल अशा तीन गटांत एकूण आठ कृती करून घेतल्या जातात. समवयस्क शंभर मुलांची रांग लावली तर आपले मूल शेवटून कितवे येईल, असा तिचा निकाल असतो. पाचवा किंवा त्याखालचा क्रमांक स्पष्ट अडचण दाखवतो. युरोपियन अकॅडमी ऑफ चाइल्डहुड डिसॅबिलिटीच्या पुढाकाराने २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय शिफारशींनी मात्र पाच वर्षांवरील मुलांसाठी सोळाव्या क्रमांकापर्यंतचा निकाल ग्राह्य धरला आहे, अर्थात बाकीचे निकष पूर्ण होत असतील तर. काही ठिकाणी बीओटी-२ ही चाचणी वापरली जाते, आणि पालकांकडून डीसीडीक्यू ही १५ प्रश्नांची प्रश्नावली भरून घेतली जाते. याशिवाय सांधे अवाजवी लवचीक आहेत का, ताकद आणि दम किती आहे, पावलांची ठेवण कशी आहे, हेही पाहिले जाते.

या आकड्यांचा उपयोग आहे, पण उपचार ठरतात ते निरीक्षणावरून. मुलाला जी कृती जमत नाही ती त्याला प्रत्यक्ष करायला लावून नेमके घोडे कुठे पेंड खाते हे शोधणारा थेरपिस्ट मला चाचणीच्या गुणांवर थांबणाऱ्या थेरपिस्टपेक्षा कितीतरी अधिक भरवशाचा वाटतो. पहिल्या भेटीनंतर पालकांनी हे निःसंकोच विचारावे: ‘चेंडू झेलताना तो कोणत्या क्षणी चुकतो, असे तुम्हाला वाटते?’ या प्रश्नाला ठोस उत्तर मिळाले तर काम योग्य हाती आहे असे समजावे.

चौथा टप्पा: उद्दिष्ट मुलाने ठरवावे

पालकांना सुवाच्य अक्षर हवे असते, शिक्षकांना वेळेत पूर्ण झालेली वही हवी असते आणि मुलाला मधल्या सुट्टीतल्या खेळात शिरकाव हवा असतो. यांपैकी मुलाला जे हवे आहे तिथूनच आरंभ करावा. ज्या गोष्टीची ओढ आहे तिच्यासाठीच मूल पन्नास वेळा प्रयत्न करील, आणि या मुलांना इतरांपेक्षा कितीतरी जास्त प्रयत्न करावे लागतात. एका वेळी दोन किंवा तीनच उद्दिष्टे घ्यावीत आणि ती मोजता येतील अशा शब्दांत लिहावीत. ‘तोल सुधारणे’ हे उद्दिष्ट धूसर आहे. ‘दोन मीटरवरून दोन्ही हातांनी सोडलेला मोठा चेंडू दहापैकी सात वेळा झेलणे’ किंवा ‘शाळेचे बूट कुणाच्याही मदतीशिवाय पाच मिनिटांत घालणे’ हे स्पष्ट आहे, आणि ते साधले की नाही हे मुलालाही कळते.

लहान किंवा संकोची मुलाला विचारले तर ते ‘काही नाही’ म्हणून मोकळे होईल. अशा वेळी निरनिराळ्या कृतींची चित्रे समोर ठेवून ‘हे सोपं वाटतं, हे अवघड वाटतं, हे मला शिकायचंय’ असे तीन ढीग करायला सांगावे. तिसऱ्या ढिगातले पहिले चित्र बहुधा पालकांना अपेक्षित नसलेलेच निघते.

पाचवा टप्पा: पद्धतीची निवड

उपचारपद्धतींचे ढोबळमानाने दोन प्रवाह आहेत. एका प्रवाहात कृतीच्या मुळाशी असलेली क्षमता, म्हणजे पोटा-पाठीच्या स्नायूंचे बळ, तोल, संवेदनांची प्रक्रिया, आधी सुधारायची आणि त्यातून कृती आपोआप सुधारेल अशी अपेक्षा ठेवायची. दुसऱ्या प्रवाहात थेट ती कृतीच, तिच्या खऱ्याखुऱ्या परिस्थितीत शिकवायची. २०१९ च्या शिफारशींचा कौल दुसऱ्या, कृतिकेंद्री प्रवाहाच्या बाजूने आहे. मोठ्या चेंडूवर बसून तोल सांभाळायला शिकलेले मूल मोठ्या चेंडूवर बसण्यात तरबेज होते. ते कसब जिना उतरताना उपयोगी पडेलच असे नाही. महिनोन्‌महिने झोके, गाद्या आणि फुगीर चेंडूंवर काम चालू आहे आणि मुलाला हवी असलेली कृती एकदाही सरावात आलेली नाही, असे दिसले तर पालकांनी कारण विचारायला हवे.

कृतिकेंद्री पद्धतींमध्ये दोन नावे विशेष ऐकायला मिळतील. न्यूरोमोटर टास्क ट्रेनिंग ही नेदरलँड्समध्ये विकसित झालेली पद्धत फिजिओथेरपिस्टसाठी मुद्दाम घडवलेली आहे. तीत थेरपिस्ट कृतीचे विश्लेषण करतो, साहित्य, अंतर, वेग आणि नियम बदलून ती मुलाच्या आवाक्यात आणतो आणि हळूहळू अवघड करत नेतो. को-ऑप ही दुसरी पद्धत कॅनडात हेलेन पोलाताय्को आणि अँजेला मँडिच यांनी विकसित केली. तीत उपाय शोधण्याचे काम मुलाकडेच सोपवले जाते आणि थेरपिस्ट प्रश्न विचारून त्याला उपायापर्यंत पोहोचवतो. तिची चौकट चार प्रश्नांची आहे: काय करायचे आहे, ते कसे करायचे, करून पाहिले का, आणि योजना लागू पडली का. हे चार प्रश्न मूल एका कृतीवर शिकते आणि पुढे थेरपिस्ट शेजारी नसतानाही दुसऱ्या कृतीसाठी वापरू लागते. विचार करून बोलू शकणाऱ्या शालेय वयाच्या मुलांना ही पद्धत चांगली मानवते. लहान मुलांसाठी किंवा भाषेची अडचण असलेल्या मुलांसाठी पहिली पद्धत सोयीची ठरते. व्यवहारात अनेक थेरपिस्ट दोन्हींचा मेळ घालतात आणि त्यात काही गैर नाही.

सहावा टप्पा: कृती उलगडणे

चेंडू झेलण्याचेच उदाहरण पाहू. आठ वर्षांचे मूल समोर उभे आहे. पाय जुळवलेले, कोपरे ताठ, बोटे फाकलेली, नजर चेंडू टाकणाऱ्याच्या चेहऱ्यावर. चेंडू छातीवर आदळतो, त्यानंतर हात मिटतात आणि चेंडू खाली पडतो. ‘लक्ष दे, नीट पकड’ या सूचनेने यातले काहीही बदलणार नाही, कारण नीट पकडायचे म्हणजे काय करायचे हेच मुलाला ठाऊक नाही. इथे चार वेगळ्या गोष्टी घडत आहेत: उभे राहण्याची पद्धत, हातांची तयारी, नजर आणि हात मिटण्याची वेळ. प्रत्येक वेळी यांतली एकच गोष्ट हाताळायची.

सुरुवातीला चेंडूची भीती काढावी लागते. त्यासाठी फुगा उत्तम, कारण तो सावकाश येतो, लागत नाही आणि अंदाज बांधायला वेळ देतो. फुगा जमू लागला की मोठा, हलका, अर्धवट हवा भरलेला चेंडू घ्यावा आणि तो थेट न फेकता दोघांच्या मधोमध जमिनीवर एक टप्पा देऊन पाठवावा. टप्प्यामुळे चेंडू कुठून वर येणार हे आधी दिसते. मग जवळून, खालच्या हाताने, थेट झेल. त्यानंतर अंतर वाढवावे, मग चेंडू लहान करावा, मग तो किंचित डावी-उजवीकडे टाकावा आणि सर्वांत शेवटी मुलाने चालता चालता झेलावा. अंतरही वाढवले आणि चेंडूही बदलला असे एकदम कधीच करू नये. अपयश आले तर ते कशामुळे आले हे कळत नाही.

या सगळ्यात मुलाशी बोलणे कसे असावे, यावर बरेच काही अवलंबून असते. चेंडू सुटला की सुधारणा सांगून टाकण्याचा मोह आवरावा आणि विचारावे: ‘चेंडू आला तेव्हा तू कुठे बघत होतास?’ मूल म्हणेल, ‘तुमच्याकडे.’ ‘मग आता कुठे बघून पाहशील?’ ‘चेंडूकडे.’ ‘किती वेळ?’ इथे ते थांबेल, विचार करील आणि ‘हातात येईपर्यंत’ असे काहीतरी म्हणेल. ही त्याची स्वतःची योजना झाली. आता चेंडू टाकावा आणि मग विचारावे, ‘योजनेप्रमाणे केलंस का? उपयोग झाला का?’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. योजना पाळली आणि तरी चेंडू सुटला, तर योजना बदलायची. योजना पाळलीच गेली नाही, तर तीच पुन्हा करून पाहायची. ‘मला जमतच नाही’ म्हणणारे मूल ‘माझे हात उशिरा मिटले’ असे म्हणू लागते, हा बदल माझ्या मते पहिल्या झेलाइतकाच मोलाचा आहे, कारण त्यात स्वतःवरचा ठपका जाऊन त्या जागी दुरुस्त करता येण्याजोगी गोष्ट आलेली असते.

सायकलचा क्रम याहून वेगळा आहे. मागे सीट धरून पळण्याची पद्धत या मुलांच्या बाबतीत फारशी उपयोगी पडत नाही, कारण तोल मुलाऐवजी मोठे माणूसच सांभाळते. बाजूची छोटी चाकेही तोल शिकवत नाहीत. ती सायकलला कलूच देत नाहीत आणि तोल सावरायला शिकायचे ते कलण्यातूनच. त्याऐवजी दोन्ही तळपाय जमिनीवर पूर्ण टेकतील इतकी सीट खाली घ्यावी आणि पेडल काढून ठेवावेत. हेल्मेट घालून मूल आधी सायकलवर बसून नुसते चालेल. मग पायांनी रेटा देऊन थोडे घरंगळेल. मग पाय वर उचलून ‘एक, दोन, तीन’ मोजेपर्यंत तरंगत जाईल. ब्रेक लावून थांबणे याच वेळी पक्के करून घ्यावे, कारण थांबता येते ही खात्री पटल्याशिवाय मूल वेग घेत नाही आणि वेगाशिवाय तोल लागत नाही. नजर पुढच्या चाकावर न ठेवता समोरच्या एखाद्या खुणेवर ठेवायची. रुंद, मोकळ्या जागी सरळ आणि वळणावर असे दोन्हीकडे तरंगणे जमले की पेडल परत लावावेत, आणि पहिला रेटा देण्यासाठी एक पेडल पुढे-वर कसे आणून ठेवायचे ते स्वतंत्रपणे शिकवावे. अनेक मुले तोल येऊनही अडतात ती नेमकी या पहिल्या रेट्याशी.

बटणे, चेन, नाडी यांसाठी शेवटाकडून शिकवण्याची युक्ती कामी येते. मोठ्यांनी सगळे करून शेवटची पायरी, म्हणजे काजातून अर्धे बाहेर आलेले बटण ओढून घेणे, मुलासाठी ठेवावी. ती जमली की शेवटच्या दोन. प्रत्येक प्रयत्न पूर्ण झालेल्या कामावर संपतो आणि त्यामुळे मूल कंटाळत नाही. हातांची बारीक कामे आणि लिखाण यांसाठी ऑक्युपेशनल थेरपिस्टचे मार्गदर्शन घ्यावे; त्यांनी आणि फिजिओथेरपिस्टने एकमेकांशी बोलून उद्दिष्टे वाटून घेणे हे मुलाच्या हिताचे असते.

सातवा टप्पा: घरचा सराव

आठवड्यातून एकदा थेरपिस्टकडे जाऊन मुलाला कोणतेही कौशल्य येणार नाही. आठवड्यातून चार-पाच दिवस, रोज दहा ते पंधरा मिनिटे, असा सराव रविवारच्या सलग दोन तासांपेक्षा जास्त फळ देतो. सराव ठरलेल्या वेळी असावा, पण शाळेतून थकून आल्याबरोबर नसावा. साध्या हालचालींसाठीही ही मुले इतरांपेक्षा जास्त लक्ष आणि शक्ती खर्च करतात आणि संध्याकाळी ती खरोखरच दमलेली असतात. जेमतेम जमेल आणि अधूनमधून चुकेल इतपत अवघडपणा राखावा. दहापैकी आठ-नऊ वेळा यश येऊ लागले की काहीतरी एक बदलावे. दहापैकी चारपेक्षा कमी वेळा जमत असेल तर एक पाऊल मागे यावे.

कृती नवी असताना ती एकाच पद्धतीने पुन्हा पुन्हा करू द्यावी, पण ती बसू लागली की जागा, साहित्य, वेग यांत फेरफार करावेत. घरातल्या फरशीवर जमलेले मैदानातल्या मातीवर जमेलच असे गृहीत धरू नये, ते तिथे जाऊन वेगळे करून घ्यावे. कृती सुरू करण्याआधी डोळे मिटून ती मनातल्या मनात करून पाहायला सांगणे काही मुलांना उपयोगी पडते.

भावंडांशी तुलना, घड्याळ लावून घाई आणि पाहुण्यांसमोर ‘करून दाखव’ म्हणणे या तीन गोष्टी कटाक्षाने टाळाव्यात. स्तुती करताना ‘शाब्बास’वर न थांबता काय बरोबर झाले ते सांगावे: ‘या वेळी तू चेंडू येण्याआधीच हात तयार ठेवलेस.’ आणि शाळेला उशीर होत असेल त्या सकाळी बटणे खुशाल आपण लावून द्यावीत. सराव सरावाच्या वेळी, घाईच्या वेळी मदत. यात मुलाला लाडावून ठेवण्यासारखे काही नाही.

ताकद, दम आणि सांधे

हालचाल जमत नाही म्हणून मूल खेळ टाळते, खेळ टाळल्याने दम आणि ताकद कमी होते, आणि त्यामुळे हालचाल आणखी जड जाते. हे चक्र तोडणे हा फिजिओथेरपीचा महत्त्वाचा भाग आहे. स्नायूंचे व्यायाम योग्य ठरतात ते इथे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनानुसार ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटे मध्यम ते जोरकस शारीरिक हालचाल करावी. डीसीडी असलेल्या मुलालाही ते लागू आहे. त्याच्यासाठी प्रकार तेवढा विचारपूर्वक निवडावा. ज्यात आजूबाजूचे फारसे बदलत नाही आणि गती आपल्या हातात राहते असे प्रकार, उदाहरणार्थ पोहणे, धावणे, चढणे, सायकल किंवा ज्यात ठरलेल्या हालचाली क्रमाने शिकवल्या जातात असे स्वसंरक्षणाचे वर्ग, आधी घ्यावेत. चेंडू आणि खेळाडू एकाच वेळी धावत असतात असे सांघिक खेळ नंतर, लहान गटात आणि सोप्या नियमांनी सुरू करावेत. पोहणे शिकायला इतरांपेक्षा जास्त काळ लागेल हे प्रशिक्षकाला आधीच सांगून ठेवावे आणि पहिले काही आठवडे एकास एक शिकवणी मिळाली तर घ्यावी.

सांधे जास्त लवचीक असतील तर ताण देणारे व्यायाम आणि सांधा टोकापर्यंत वाकवून दाखवण्याचे खेळ टाळावेत आणि सांध्याभोवतीच्या स्नायूंना बळ देणाऱ्या व्यायामांवर भर द्यावा. व्यायामानंतर दुसऱ्या दिवशीही सांधा दुखत राहिला तर थेरपिस्टला कळवावे.

शाळेशी बोलणे

शिक्षकांना निदानाच्या नावापेक्षा काय करायचे ते सांगितलेले अधिक उपयोगी पडते. बसल्यावर पाय जमिनीला टेकतील आणि हात टेबलावर सहज राहतील अशी बैठक, फळ्यावरून उतरवून घ्यायचे लिखाण कमी, परीक्षेत जादा वेळ, खेळाच्या तासाआधी कपडे बदलायला पाच मिनिटे आधी सोडणे आणि संघ निवडताना मुलांकडून एकेकाची निवड न करवता शिक्षकांनीच गट पाडणे, एवढ्या गोष्टी लेखी द्याव्यात. शेवटचा मुद्दा क्षुल्लक वाटेल, पण सर्वांत शेवटी उरणारे मूल आपलेच असते आणि रोज तसे उरल्यावर ते मैदानावर जायचेच सोडून देते. मूल सतत उदास, चिडचिडे किंवा शाळेला जायला घाबरणारे दिसू लागले तर समुपदेशकाची मदत हालचालींच्या उपचारांइतक्याच तातडीने घ्यावी.

आढावा, विराम आणि पुन्हा सुरुवात

दोन-तीन महिन्यांनी ठरवलेल्या उद्दिष्टांचाच आढावा घ्यावा. चाचणीचे गुण सावकाश बदलतात आणि काही वेळा बदलतच नाहीत, पण सायकल येऊ लागली असेल तर उपचार यशस्वी झाला आहे. ठरलेल्या सत्रांनंतर काहीच हलले नसेल तर उद्दिष्ट फार मोठे होते का, सराव खरोखर झाला का, आणि सोबतची एखादी अडचण नजरेतून सुटली आहे का, हे या क्रमाने तपासावे. उद्दिष्टे साधली की थांबण्यात काही चूक नाही. अखंड, वर्षानुवर्षे चालणाऱ्या थेरपीपेक्षा गरजेप्रमाणे घेतलेले छोटे टप्पे मुलाच्या बालपणाला कमी जड जातात.

निम्म्याहून अधिक मुलांमध्ये ही अडचण किशोरवयातही राहते, त्यामुळे नव्या मागण्या येतील तेव्हा परत जावे लागेल, हे धरून चालावे. शाळा बदलणे, कंपास-पट्टीची कामे, प्रयोगशाळा, दाढी करणे, स्वयंपाक आणि पुढे वाहन चालवणे हे असे प्रसंग आहेत. वाहनाच्या बाबतीत शिकण्याची मुदत आधीपासूनच दुप्पट धरावी आणि गिअर नसलेले वाहन निवडावे. उंची झपाट्याने वाढण्याच्या काळात काही मुले थोडे दिवस पूर्वीपेक्षा जास्त अडखळतात. तेव्हा जुन्याच कृतींचा थोडा सराव पुन्हा सुरू करावा. काही आठवड्यांनंतरही घसरण थांबली नाही किंवा पक्की बसलेली कौशल्ये एकामागून एक सुटत गेली, तर फिजिओथेरपिस्टची पुढची वेळ येण्याची वाट न पाहता मुलाला आधी डॉक्टरांकडे न्यावे.